सायकलीवरून डोंगरगावी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाचे भाषण म्हटले म्हणजे आहार, आरोग्य, फार तर मुलांचे संगोपन, असा आपला शिरस्ता आहे. यंदा चिटणीसबाईंनी मला सांगितले की, "तुम्ही चौघी सायकली घेऊन वाईकडच्या डोंगरात हिंडून आलात, त्याविषयी बोला." मी आनंदाने हो म्हटले. प्रवासवर्णन ऐकवण्याची हौस कुणाला नसते? पण मला हौसेखेरीज एक कामही आहे, आणि ते आपणां सर्वांकडे आहे. ते शेवटी सांगते. आधी सहल.

आम्ही निघणार हे कळल्यावर वाड्यातून, सोसायटीतून जो पहिला प्रश्न आला तो असा: "साठीला टेकलात, आता घाट चढणार? आणि तोही सायकलीवर?" प्रश्न रास्त होता. आपल्यापैकी पुष्कळजणींनी कॉलेजच्या दिवसांत सायकल चालवलेली आहे. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत, तेव्हाच्या आपण मुली. पण ती सायकल चढ आला की उतरून ढकलायची, हे आपल्याला पक्के ठाऊक. माउंटन बाइक म्हणून जी सायकल आता मिळते, तिची गोष्ट निराळी आहे, आणि त्यात जादू काही नाही. हिशेब आहे.

साध्या सायकलीला पायडलपाशी समजा ४४ दात्यांचे चक्र आहे आणि मागच्या चाकाला १८ दात्यांचे. मग पायडलचा एक फेरा झाला की मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. सपाटीवर हे उत्तम. चढावर मात्र एका फेऱ्यात एवढे अंतर कापण्याचे ओझे गुडघ्यावर येते. माउंटन बाइकला पुढे-मागे लहानमोठी अनेक चक्रे असतात. पुढे २२ दात्यांचे आणि मागे ३४ दात्यांचे चक्र धरले, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक पुरता एक फेरासुद्धा घेत नाही, दोन-तृतीयांशच फिरते. म्हणजे भरलेला हंडा एकदम उचलण्याऐवजी तेच पाणी तांब्यातांब्याने नेण्यासारखे झाले. खेपा वाढतात, वेळ जास्त लागतो, पण कंबर मोडत नाही. बायकांना हे शास्त्र कुणी नव्याने शिकवावयास नको. त्याशिवाय टायर रुंद आणि खरबरीत असतात, म्हणून दगडगोट्यांच्या वाटेवर चाक घसरत नाही. आणि पुढच्या दांड्यांत धक्के जिरवणारी स्प्रिंग असते, म्हणून मनगटे दुखत नाहीत.

या सायकलीचा जन्म कुठे झाला तेही सांगते, कारण पुढे त्याचा आपल्याला उपयोग आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये मरिन नावाच्या भागात टॅमलपायस हा डोंगर आहे. १९७० नंतरच्या काळात तिथल्या काही तरुणांनी १९३०-४० च्या सुमाराच्या जुन्या, जाड टायरांच्या सायकली अडगळीतून आणि भंगारातून उचलून आणल्या, आणि त्या घेऊन ते डोंगराच्या मातीच्या वाटेवरून खाली येऊ लागले. १९७६ साली त्यांनी एका उतारावर शर्यत लावली. त्या शर्यतीचे नाव पडले 'रीपॅक'. एका उतरणीतच जुन्या ब्रेकातले ग्रीस तापून जळून जाई आणि पुन्हा नवे भरावे लागे, म्हणून हे नाव. १९७७ मध्ये जो ब्रीझ याने डोंगरासाठी मुद्दाम नवा सांगाडा घडवला, आणि मग कारखाने उभे राहिले. १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला, आणि तेव्हापासूनच त्यात स्त्रियांची शर्यत आहे. त्याआधी, १९८० च्या दशकात, जॅकी फेलन नावाच्या तिथल्या एका नामवंत सायकलपटू बाईने स्त्रियांसाठी एक संस्था काढली. तिच्या नावाचा अर्थ काय, ठाऊक आहे? 'महिलांचे माउंटन बाइक आणि चहा मंडळ'! आपल्या मंडळात चहा पहिल्यापासून आहे. सायकलीचीच तेवढी उणीव आहे.

आता आमच्या सहलीकडे वळते.

आम्ही चौघी, चार सायकली आणि एक टेम्पो, असे पहाटे निघालो. हमरस्त्यावरच्या मोटारींच्या गर्दीत सायकल चालवण्यात ना आनंद ना शहाणपण, म्हणून मोठा रस्ता टेम्पोने आणि आडवाटा सायकलीने, असे आमचे ठरलेले होते. शिरवळला उतरून आम्ही प्रथम नायगावची वाट धरली. ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले यांचा जन्म या गावी झाला. त्यांचे घर जपून ठेवलेले आहे. मोटारीने गेले असते तर दहा मिनिटांत पाहून परतले असते. सायकलीने जाताना दोन्ही बाजूंची शेते, विहिरीवरचे पंप, शाळेकडे निघालेल्या मुलींचे घोळके, हे सगळे आधी भेटले आणि मग ते घर आले. ज्या वाटेने आज मुली दप्तरे घेऊन जातात, त्याच मुलखातली एक मुलगी लग्नानंतर अक्षर ओळखू लागली आणि पुढे शिक्षिका झाली, हे तिथे उभे राहून फार जवळचे वाटले.

तिथून खंबाटकीचा घाट पुन्हा टेम्पोने ओलांडला, कारण तो ट्रकांचा रस्ता. सुरूरच्या फाट्याला सायकली उतरवल्या त्या थेट वाईपर्यंत.

वाई आपणांपैकी पुष्कळांनी पाहिलेली आहे. मराठी विश्वकोशाचे काम ज्या गावी बसून झाले ते हे गाव. कृष्णेच्या घाटावरचा ढोल्या गणपती आपण समोरून पाहतो, हात जोडतो आणि पुढे महाबळेश्वरला जातो. पण सायकल टेकवून जरा मागे जाऊन पाहा. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधलेल्या या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची निमुळती केलेली आहे. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर आपटून दोहो बाजूंना फुटते आणि देवळाला धक्का बसत नाही. दोनशे साठ वर्षांहून अधिक काळ पुराशी असा समजूतदारपणाने वागणारा कारागीर कोण असेल, असा विचार करीत आम्ही घाटावर बराच वेळ बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेणवलीला गेलो. वाईपासून तीन-एक किलोमीटर. नाना फडणीसांना हे गाव १७६८ मध्ये मिळाले आणि त्यांनी इथे वाडा बांधला. चौकामागून चौक, लाकडी खांब, भिंतींवरची चित्रे, आणि मागे नदीवर उतरणारा देखणा घाट. त्या घाटावरच एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे आणि १७०७ हे साल आहे. वसईच्या १७३९ सालच्या विजयानंतर चिमाजी आप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांच्या देवळांतल्या ज्या घंटा आणल्या, त्यांतली ही एक. २००४ साली निघालेला 'स्वदेस' हा चित्रपट आपण पाहिला असेल, तर हा घाट आपल्या ओळखीचा आहे. तरुण मंडळी तिथे फोटो काढीत होती. आम्हीही काढले, खोटे कशाला बोला?

मेणवलीहून धोम. इथे नरसिंहाच्या देवळापाशी दगडी कमळाच्या आकाराचे कुंड आहे आणि त्यात कासवाच्या पाठीवर नंदी बसलेला आहे. कुंडात पाणी भरले की कासव पाण्यावर तरंगते आहेसे वाटते. गावाजवळच कृष्णेवरचे धोम धरण. जलाशयाच्या कडेने शेतांतून गाडीवाटा जातात, आणि आमच्या सायकलींची खरी कसोटी इथे लागली. कुठे मुरूम, कुठे निसटते दगड, कुठे ओढ्याची वाळू. अशा वाटेवर काय करावे ते, ज्या भगिनी पुढेमागे जातील त्यांच्यासाठी सांगून ठेवते. चढावर गिअर आधीच हलका करावा, चढ लागल्यावर नव्हे. उतारावर सीटवरून किंचित उठावे, दोन्ही पायडले एका पातळीत ठेवावी, अंग मागे न्यावे, आणि दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबावे. पुढचा ब्रेक एकदम दाबला तर सायकल थांबते आणि आपण पुढे जातो. नजर चाकाखाली न ठेवता दहा पावले पुढे ठेवावी. पावसाळ्यात शेवाळलेल्या दगडांवर जाऊ नये. पाणी दोन बाटल्या, गूळ-शेंगदाणे, पंक्चरचे सामान आणि हातपंप एवढे बरोबर असले की पुरे.

या जलाशयाकाठच्या एका वाडीत आम्ही पाणी मागावयास थांबलो. वाडीचे नाव आज व्यासपीठावरून सांगत नाही, कारण तिथल्या माउलींना मी तसे विचारलेले नाही. एका घराच्या ओट्यावर एक आजीबाई शेंगा फोडीत बसल्या होत्या. आमच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून त्या म्हणाल्या, "आवं ताई, ह्या वयात सायकल? घरची काय म्हंत्यात?"

मी म्हटले, "घरचे म्हणतात, जपून जा."

"एवढंच?"

"एवढेच."

त्या हसल्या. तेवढ्यात त्यांची नात आली. सातवीत होती. सायकलीभोवती दोनदा फिरली, घंटी वाजवून पाहिली, आणि मग हळूच म्हणाली, "मी एक चक्कर मारू?" तिची आई आतून ओरडली, "पडशील!" यावर आजीबाई ज्या बोलल्या ते मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवले: "पडली तर पडू दे. गुडघं फुटल्याबिगर चालाया तरी कुठं शिकली व्हती ती?" आणि त्या नुसत्या बोलून थांबल्या नाहीत. पदर खोचून उठल्या, सीटला मागून हात घातला आणि सत्तरीच्या त्या बाई नातीमागे अंगणभर धावल्या. पोर दोनदा कलंडली. तिसऱ्या वेळेस आजीचा हात सुटला तरी सायकल चालतच राहिली.

मग चहा झाला, गोष्टी निघाल्या. वाडीत शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा पाच किलोमीटरवर, मधे एक टेकाड. एस.टी. येते, पण तिची वेळ आणि शाळेची वेळ जुळत नाही. मुलगे चालत जातात किंवा कुणाच्या मोटारसायकलवर मागे बसतात. मुलींना कुणाच्याही मागे बसवून पाठवणे आईबापांना नको वाटते, आणि एकटीने चालत जाऊन परत येईतो हिवाळ्यात अंधार पडतो. त्या वर्षी सातवीत चार मुली होत्या. "आदल्या सालच्या तीन व्हत्या, त्यातली एकच जाती," असे आजीबाईंनी सांगितले. कुणाचा विरोध नाही, कुणी वाईट नाही. आड येते आहे ती फक्त पाच किलोमीटरची वाट.

भगिनींनो, तिसऱ्या दिवशी आम्ही पसरणीचा घाट चढून पाचगणीला गेलो. पसरणी हे शाहीर साबळ्यांचे जन्मगाव. वाईपासून पाचगणी बारा-तेरा किलोमीटर आणि चढ सुमारे ६०० मीटर. सूर्य उगवण्याआधी निघालो, सगळ्यांत हलका गिअर लावला, आणि बोलत बोलत, पण न उतरता, दोन तासांच्या वर चढत राहिलो. वर टेकल्यावर आम्हां चौघींना झालेला आनंद मी वर्णन करून सांगू शकत नाही. पाचगणीच्या कड्यावरून खाली पाहिले तर कृष्णेचे खोरे, धोमचा जलाशय, मेणवलीची झाडी, सगळे हातावरच्या रेषांसारखे दिसत होते. कालची ती वाडीही दिसली. वरून पाहताना ती वाडी आणि पलीकडची शाळा यांच्यात वितभर अंतर होते. मला तेव्हा वाटले की, साठीच्या बायकांना हौसेखातर ६०० मीटर चढवणारे यंत्र जर आपल्याकडे आहे, तर बारा वर्षांच्या मुलीला ते पाच किलोमीटर का नेणार नाही?

ही नुसती माझ्या मनाची कल्पना नाही. १९९१ च्या सुमारास तमिळनाडूत पुदुक्कोट्टै जिल्ह्यात साक्षरतेची मोहीम चालू असता तिथल्या कलेक्टर शीला राणी चुंकत यांनी स्त्रियांना सायकल शिकवण्याचे काम त्या मोहिमेलाच जोडले. खाणीत काम करणाऱ्या, शेतमजुरी करणाऱ्या बायका हजारोंनी सायकल शिकल्या. लोकांनी टोमणे मारले. बायकांनी घंटी वाजवली. बिहारमध्ये २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची सरकारी योजना निघाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा काळजीपूर्वक अभ्यास केला, आणि त्यांना असे दिसले की, माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले, आणि मुलगे-मुलींतले अंतर ४० टक्क्यांनी घटले. जास्त फरक कुठे पडला? जिथे शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर होती तिथे. त्या वाडीच्या आजीबाईंना ही आकडेवारी वाचून दाखवली, तर त्या म्हणतील, "ह्यात सांगाया काय हाय? आमाला ठावंच हाय की!"

परतीच्या दिवशी साताऱ्याच्या बाजूला लिंब गावी गेलो. तिथली बारा मोटेची विहीर प्रसिद्ध आहे. शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत, वीरूबाई भोसले यांनी ती बांधविली. सुमारे ११० फूट खोल, अष्टकोनी, आणि आत पायऱ्या उतरून गेले की पाण्यावर ओठंगलेला एक छोटा महालच. एका वेळी बारा मोटा चालतील अशी सोय. आमराईला पाणी मिळावे म्हणून केलेले हे काम. तीनशे वर्षांपूर्वीच्या एका बाईच्या मनात आले की इथे पाणी हवे, आणि ते पाणी अजून तिथे आहे. आपल्यापाशी वीरूबाईंचा खजिना नाही. पण अगदीच काही नाही असेही नाही.

आता काम सांगते.

आपापल्या इमारतींच्या जिन्याखाली पाहा. मी आमच्या एका इमारतीत पाहिले, तर पाच सायकली निघाल्या. नातू मोठे झाले, परदेशी गेले, मोटारी आल्या. सायकली धूळ खात आहेत. भंगारवाल्याला देऊन येईल किती? त्याच सायकली मंडळाला द्या. मघाशी मी सांगितले की माउंटन बाइकसुद्धा जन्माला आली ती अडगळीतल्या सायकलींतून. आपण त्यांच्या शर्यतीच्या सायकली बनवणार नाही. शाळेत जाण्याच्या बनवू. कोपऱ्यावरच्या सायकल दुकानदाराशी मी बोलले आहे. टायर-ट्यूब, साखळी, ब्रेकचे रबर असे सामान आपण दिले तर मजुरी तो निम्मी घेईल. सामानासाठी यंदाच्या हळदीकुंकवाच्या वाणाचे पैसे द्यावे अशी माझी सूचना आहे. प्लॅस्टिकचा डबा सगळ्यांकडे आहे.

एका गोष्टीत मात्र काटकसर नको. ती गोष्ट म्हणजे ब्रेक. वाटेत टेकाड आहे. जुन्या सायकलीवर मुली चढ ढकलत चढतील, त्यात काही बिघडत नाही. पण उतारावर ब्रेक लागलाच पाहिजे. रंग उडालेला चालेल, घंटी नसली तर आवाज आहे, ब्रेक नवे. ज्या सायकलीचे ब्रेक दुरुस्त होणार नाहीत ती फुकट मिळाली तरी द्यावयाची नाही, एवढा नियम आपण आजच करू. त्याचप्रमाणे दिलेल्या सायकलीसोबत एक पंप आणि पंक्चरचे सामान द्यावे आणि ते वापरावे कसे हे मुलींना तिथेच शिकवावे. पंक्चर काढणारा तिथून सात-आठ किलोमीटरवर आहे.

आणि ज्यांना वाटते की हे काम तरुणींचे, त्यांना एक विनंती. शाळा उन्हाळ्यानंतर जूनमध्ये उघडतील. तोवर आपल्यातल्या ज्यांनी तीस-चाळीस वर्षांत सायकलीला हात लावलेला नाही, त्यांनी रविवारी सकाळी मैदानावर यावे. शिकवणे आमच्या चौघींकडे लागले. तोल एकदा शिकलेले शरीर सहसा विसरत नाही, असा माझा अनुभव आहे. पंजाबी ड्रेस घालावा, साडी नको. आणि चप्पल नको, बूट हवे. सायकली पोचवावयास वाडीपर्यंत टेम्पो जाईल. पण शेवटचे पाच किलोमीटर, शाळेपासून वाडीपर्यंत, आपण त्या सायकली चालवतच नेऊ. ज्या वाटेने मुली रोज जाणार, ती वाट एकदा आपल्या पायांना कळलेली बरी.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला मैदानावर, आणि सायकली द्यावयाच्या असतील तर आठ वाजता मंडळाच्या अंगणात. कुलपाची किल्ली हरवली असली तरी आणा. कुलूप तोडणारा बोलावलेला आहे. ज्यांच्याकडे हातपंप असेल त्यांनी तोही आणावा.